‘नको’ला धरलेलं कार्ड

हेर्ने, २६ नोव्हेंबर

प्रिय सिल्के,

अनेक आशीर्वाद. मी बरा आहे. कबुतरंही बरी आहेत. फक्त ती राखाडी मादी थंडीत उडायला तयार नाही, माझ्यासारखी तिलाही खिडकी आवडायला लागली आहे. काल वाटाण्याचं सूप केलं, नेहमीप्रमाणे दोघांपुरतं झालं. इर्मट्राउट आत्याच्या गुडघ्याला समुद्राची हवा मानवते का? तू तिच्याकडेच आहेस, तर तिला म्हणावं, बेटावर राहून माणसं फार शहाणी होतात, अधूनमधून आमच्या धुरकट गावात येत जा.

तू फोन बंद ठेवलास ते एका परीनं बरंच. पत्रात मध्येच कुणी कुणाला तोडत नाही.

इकडे पानं पार गळली. ट्राम चालवायचो तेव्हा या दिवसांत शेवटच्या थांब्यावर गाडी उभी करून शाळेतल्या कविता मोठ्यानं म्हणायचो. फेल्टकाम्प गुरुजी सांगायचे, शेवटच्या ओळीआधी थांबा, श्वास घ्या. घाई केली की कविता मरते. रविवारच्या सभेत मला तेच आठवत होतं.

हं, सभा. आलोच शेवटी तिथे.

खजिनदार म्हणून तू छान बोललीस. आपल्या फुटबॉल क्लबचा चौथा हिस्सा बाहेरच्या कंपनीला विकायचा, निम्म्याहून जास्त सभासदांकडेच राहणार, आलेल्या पैशांतून पोरांचं मैदान आणि गॅलरीचं छप्पर. आकडे मला कळले नाहीत, आवाज कळला. तुझी आई कोळसेवाल्याशी भांडायची तेव्हा अस्साच लागायचा. मग मतदान. मी ‘नको’ला कार्ड वर धरलं. वाटलं होतं, एवढ्या गर्दीत एका म्हाताऱ्याचा हात कुठे दिसणार! पण तू लहानपणी हजारो माणसांत माझी टोपी शोधून काढायचीस, हातही तुला दिसलाच.

ठराव पडला. तू कागद गोळा केलेस आणि बाजूच्या दारानं निघून गेलीस. पुढचं तुला माहीत नाही, म्हणून लिहितो.

पुढचा विषय होता मंडळाच्या वर्षभराच्या कारभाराला मंजुरी. मागून कुणीतरी ओरडलं, “एकेकावर वेगळं मत घ्या! आधी खजिनदारबाई!” दुसरा म्हणाला, “विकणारीलाच विका!” शिट्ट्या सुरू झाल्या. शेजारी आपला गिस्बर्ट, त्याची जीभ तुला ठाऊकच आहे. म्हणाला, “आज पोरीची काही खैर नाही.”

तेवढ्यात एक म्हातारा उठला आणि माइककडे गेला. सभासद कुणीही असो, तीन मिनिटं मिळतातच. अध्यक्ष कपाळाला हात लावून म्हणाले, “बोला. पण कविता नको हं, लोथार.”

सगळा हॉल हसला.

कविता म्हटली नाही गं. म्हणालो, “आत्ताच तिच्याविरुद्ध कार्ड धरलंय. उद्या पुन्हा विचारलं तरी धरीन. पण तिनं विचारलं! बाहेरचा मालक आला असता का आपल्याला विचारायला? तिकिटाचे भाव वाढवून मग नुसतं कळवलं असतं त्यानं. नकार ऐकायला जी समोर उभी राहते, तिला घालवून कुणाला आणणार आहात?” मग पुढचं आठवेना. श्वास घेतला. “माझी मुलगी आहे ती,” एवढंच निघालं. ती शेवटची ओळ होती की नाही, गुरुजी जाणोत.

अध्यक्षांनी तुझ्या नावावर मत मागितलं. मग एक कार्ड वर गेलं, मग ओळच्या ओळ. गिस्बर्टनं दोन्ही हात वर केले. मी म्हटलं, “गाढवा, एकच धरतात!” तर म्हणतो, “दुसरा पोरीच्या वतीनं. ती नाहीये ना इथं.”

मंजुरी मिळाली. तुझ्या नावाला टाळ्याही पडल्या.

तू पाठवलेला राजीनामा अध्यक्षांनी अजून मंडळापुढे ठेवलेला नाही. सोमवारी ठेवावाच लागेल. काल बेकरीत भेटले. म्हणाले, “छप्पर अजून गळतंय. दुसरा मार्ग तीच काढील. सांग तिला.”

“तुम्हीच सांगा की.”

“माझं ऐकत नाही ती.”

“मग माझं ऐकते असं कुणी सांगितलं तुम्हाला?”

सभासदवर्गणी थोडी वाढवली तर छपराचं जमेल, असं तूच एकदा भांडी पुसताना म्हणाली होतीस. तो ठराव आण. पटला तर कार्ड वर धरीन. नाही पटला तर नाही; याची हमी मागू नकोस.

शनिवारी घरचा सामना आहे. लहानपणी बिअरचं खोकं पालथं घालून त्यावर तू उभी राहायचीस, तिथेच मी असेन. गेल्या वेळी उत्तरार्धात कठड्याला टेकूनच होतो. डॉक्टर म्हणतात, आता बसायची जागा घ्या. त्यांनाही ‘नको’ म्हणालो. शेजारी ओळखीचा खांदा असला तर अजून बरीच वर्षं उभा राहीन, असं वाटतं.

बाकी लिहिण्यासारखं बरंच आहे. पण इथे थांबतो, श्वास घेतो.

ये.

तुझ्याविरुद्ध मत देणारा, आणि शनिवारी तुझी जागा धरून उभा असणारा,

पापा