आत कोणी नाही

रविवार, ४ मे

आलो एकदाचा. ठाण्यात खोपटहून निघताना दीप्तीने डब्यासोबत ही कोरी वही पिशवीत टाकली. तिचे बाबा रोज झोपण्याआधी दोन ओळी तरी लिहायचे. तूही लिहीत जा, म्हणाली, नाहीतर परत आल्यावर काय केलंस विचारलं की तुझ्या तोंडून "काम" याखेरीज शब्द निघत नाही. बायकोचा हुकूम, लिहितो बापडा.

गाव डोंबिवलीच्या पूर्वेला, कंपन्यांना अगदी खेटून. गेल्या बुधवारी इथल्या एका कंपनीत स्फोट झाला आणि आजूबाजूच्या घरांच्या काचा, चौकटी, दारं सगळं उडालं. माणसं वाचली, पण घरं उघडी पडली. लोक मिळेल त्या नातेवाइकाकडे पांगलेत. पंचनामे होऊन नवी दारं-खिडक्या बसायला दोन महिने सहज जातील. तोवर चोर आणि कुत्री आत शिरू नयेत म्हणून प्रत्येक भोकावर प्लाय ठोकून घर बंद करायचं, हे आमचं काम.

कंत्राटदार कमलेश म्हात्रे इथलेच, जुने जमीनवाले. मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाले, "सुतार नाय वाटत तू, मास्तर वाटतंस." मी म्हटलं, आधी खिळा सरळ जातो का बघा, मग ठरवा. हसले. राहायला गोदामावरची खोली दिली आहे. खाट आहे, पंखा आहे, आणि अख्ख्या गावात शाबूत राहिलेली एकमेव खिडकी माझ्या वाट्याला आली आहे. अकरा वर्षं फर्निचरच्या दुकानात पॉलिशचा वास खाल्ला, आता जरा मोकळ्यावर काम. मी खूश आहे.

सोमवार, ५ मे

तीन घरं उरकली. काम सोपं आहे, पण कमलेशशेठची शिस्त कडक. प्रत्येक भोकाला खडूने नंबर घालायचा. सगळी बंद करत यायचं आणि शेवटचं बाहेरून. मात्र शेवटची फळी लावण्याआधी घरात राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव घेऊन तीनदा मोठ्याने हाक मारायची आणि दर हाकेनंतर थांबायचं. नावांची चिठ्ठी घरवाल्यांकडूनच येते.

घर रिकामं आहे हे ठाऊक असताना हाका कशाला, असं मी विचारलं. शेठ म्हणाले, त्यांचे आजोबा मिठागरावर होते. खाडीचं पाणी आत घ्यायला बांधातल्या उघाडीचं दार वर करण्याआधी ते अशाच तीन हाका मारत. एकदाच मारल्या नव्हत्या, आणि पुढचं शेठनी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "आवाज दिल्याबिगर शेवटची फळी नाय लावाची. बस."

फळीवर मार्करने तारीख, किती भोकं बंद केली ते, "आत कोणी नाही", आणि खाली सही. मी पूर्ण नाव लिहितो. बाबांनी हौसेने राजरत्न ठेवलंय, ते आखडून कशाला लिहायचं?

मंगळवार, ६ मे

आज एकच घर, पण मोठं. प्रितम पाटील यांचं, गावाच्या टोकाला. शेजारची चारही घरं रिकामी. नऊ भोकं, त्यात नववं मागचं दार, चौकटीसकट निखळलेलं. उन्हाने जीव नकोसा झाला होता. आत सगळ्यावर काचेचा चुरा, पलंगावर, टीव्हीवर, देव्हाऱ्यातसुद्धा. देव्हारा रिकामा होता. भिंतीवर घरच्या म्हातारीचा फोटो, हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके आणि नजर अशी की मी चपला बाहेर काढून आलो की नाही ते तपासतेय.

दुपारी घसा कोरडा पडला. माझी बाटली संपली होती आणि नळाला पाणी नव्हतं. ओट्यावर एक तांब्या दिसला, वाटीने झाकलेला, काठोकाठ भरलेला. पाणी नितळ आणि गार. शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो, तांब्या उपडा घातला आणि भरून ठेवणाऱ्याला मनापासून दुवा दिला.

माळ्याला शिडी लावलेली होती. वर डोकावावं असं वाटलं होतं. पण माळ्यावर असून असून काय असणार? लग्नातली भांडी आणि झुरळं. त्या उन्हात पत्र्याखाली जायची छाती झाली नाही. बाहेर येऊन चिठ्ठी काढली. प्रितम, ऋतिका, जया. तिन्ही नावांनी तीन-तीन हाका मारल्या, प्रत्येक वेळी थांबलो. कोणी ओ दिली नाही. नऊ नंबरची फळी बारा खिळ्यांनी ठोकली. वरचा झरोकाही सोडला नाही. शेठनी फळी हलवून बघितली आणि म्हणाले, मास्तर, मुंगी शिरायची नाय.

गुरुवार, ८ मे

दिवसभर गावभर ठोकाठोकी. आम्ही एकटेच नाही, ज्याला जसं जमेल तसा प्रत्येकजण काहीतरी ठोकतोय. संध्याकाळी हातोडा ठेवला तरी कानात चालूच राहतो.

जेवायला येताना प्रितम पाटलांच्या घरावरून आलो. ठक, ठक, ठक. सावकाश, मध्ये थांबून. मी उभा राहिलो तर बंद. पलीकडच्या आळीतला आवाज भिंतीवर आपटून येत असणार. सुताराला स्वप्नातही खिळे दिसतात म्हणतात, तशी गत. दीप्तीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, कानात कापूस घालत जा.

शुक्रवार, ९ मे

दोनदा लिहून खोडलं, आता तिसऱ्यांदा लिहितोय.

सकाळी चहाला कमलेशशेठ सांगत होते, प्रितमची आई, जयाबाई, सापडत नाही. स्फोटानंतर प्रितम आणि ऋतिका ठाण्याला टेंभी नाक्यापाशी ऋतिकाच्या माहेरी गेले. आईला शीळफाट्याला मुलीकडे, निशिगंधाकडे सोडलं. सोमवारी म्हातारी तिथून एकटीच निघाली. देव घरात राहिले, देवांना असं टाकून येतात का, असा तिचा एकच धोशा होता. निशिगंधाला वाटलं, भावाकडे गेली. भावाला वाटलं, बहिणीकडे आहे. काल फोनवर उलगडा झाला. पोलिसात वर्दी दिली आहे.

आणि शेठ म्हणाले, स्फोटापासून तिला दोन्ही कानांनी काहीच ऐकू येत नाही.

माझ्या हातातला कप कलंडला. घरभर काचेचा चुरा होता, त्या पाण्यात एक कणही नव्हता. पाणी स्फोटानंतर भरलेलं होतं. भरणारी वर माळ्यावर झोपली होती. मी तिच्या नावाने तीन हाका मारल्या, आणि तिला एकही ऐकू गेली नाही. आणि तिचं पाणी मी प्यालो.

शेठनी विचारलं, प्रितमचं घर तू बंद केलंस ना, माळा बघितला होतास? मी म्हणालो, बघितला. शिडी चढून बघितला.

का म्हणालो? चार माणसं बसली होती. फळीवर माझं पूर्ण नाव होतं. तोंडातून निघून गेलं. शेठ पोलिसांना फोनवर म्हणाले, घर आमच्या माणसानं बघितलंय, दुसरीकडं शोधा.

शनिवार, १० मे

दुपारी पहार घेऊन गेलो. स्वयंपाकघराच्या, सात नंबरच्या फळीला तळवा लावला. आतून ठोका आला. तीन वेळा. नेमका माझ्या हाताखाली.

जिवंत आहे. चार दिवस झाले तरी जिवंत आहे.

पहार फटीत घातली होती. शपथेवर लिहितो, घातली होती. तेवढ्यात रस्त्यावर प्रितम आणि दोन पोलीस दिसले. आता उघडलं तर यांच्यासमोर ती बाहेर येणार आणि माझ्याकडे बघणार. पहार काढली आणि मागच्या बाजूने निघून आलो. उद्या पहाटे कोणी नसताना उघडेन.

दीप्तीला सगळं सांगितलं. ती किंचाळली. म्हणाली, "फोन ठेव आणि आत्ताच्या आत्ता जा. तुला काय व्हायचं ते होऊ दे." अर्ध्या तासाने तिचा फोन आला. मी सांगितलं, उघडलं, सगळं बघितलं, आत कोणी नाही. ती रडायला लागली, आनंदाने.

रविवार, ११ मे

पहाटे उठलो. चपला घातल्या. परत खाटेवर बसलो. दिवस असाच गेला.

सकाळी भरून झाकून ठेवलेला माझा तांब्या दुपारी उपडा होता. आत एक थेंब नाही. खोलीची किल्ली माझ्याच खिशात.

सोमवार, १२ मे

बुद्धपौर्णिमा. सुट्टी घेऊन घरी गेलो. दीप्तीने पांढरी साडी नेसली होती, खूप छान दिसत होती. विहारात सगळ्यांबरोबर पंचशील म्हणायला उभा राहिलो. "मुसावादा वेरमणी" आलं आणि माझे ओठ मिटले. खोटं बोलणार नाही, हे म्हणायला तोंड उघडेना. त्याआधीचं पहिलं शीलही आठवलं, जिवाची हत्या करणार नाही. लहानपणापासून पाठ आहे मला.

सगळ्यांचे आवाज प्लायपलीकडून आल्यासारखे येत होते. दीप्ती काय बोलली ते दोनदा विचारावं लागलं. खिरीची वाटी बाजूला सारली. पाण्याचा पेला गार लागला, तसाच खाली ठेवला.

तिला खरं सांगायला हवं होतं. ती माझ्यासाठी खूश होती. मी तसाच परत आलो. मी फार वाईट माणूस आहे.

मंगळवार, १३ मे

डावा कान गेला. डॉक्टर म्हणाले, बंद खोल्यांत हातोड्याचा आवाज, विश्रांती घ्या. बाकीचं चिठ्ठीवर लिहून दिलं. उजव्यानेही ऐकू येईना.

पण ठोका येतो. कानात नाही, हातात. कुठल्याही घराच्या फळीवर तळवा टेकला की येतो. आज पाच घरं बंद केली. पाचही घरांत तीच. सावकाश. मध्ये थांबून.

तांब्या पुन्हा उपडा.

बुधवार, १४ मे

काही ऐकू येत नाही. काहीच. शेठचे ओठ हलतात. दीप्तीचा फोन थरथरतो, उचलून काय करू—

आठ दिवस. या उन्हात, पत्र्याखाली, झरोकासुद्धा मीच—

खोलीच्या भिंतीला पाठ लावली तरी ठोका लागतो. आज घाईघाईत.

गुरुवार, १५ मे

थांबला.

कुठल्याच फळीत नाही. भिंतीत नाही. गावभर तळवे लावत फिरलो, लोक बघत होते.

थांबला हे जास्त वाईट आहे.

शुक्रवार, १६ मे

सकाळचे अकरा. घरात आहे. नऊ नंबर उघडून आत आलो. सोबत पाण्याचा तांब्या आणला. कशाला आणला—

माळ्यावर गोधडी. तिच्यावर देव ओळीने मांडलेले, पुसून लख्ख. एकावरही धूळ नाही.

ती खाली स्वयंपाकघरात आहे. सात नंबरच्या फळीशी, भिंतीला टेकून. हातात वरवंटा. फळीवर आतून खड्डे पडलेत, सगळे एका जागी. मी तळवा लावला होता, तिथे.

पाणी तिच्याजवळ ठेवलं. पाया पडलो. हनुवटीवरचे तीन ठिपके तेवढे ओळखता येतात.

इथेच बसून लिहितोय. जो कोणी हे वाचेल त्याने प्रितमला सांगावं, मी माळा बघितला नव्हता. दीप्तीला सांगावं, मी खोटं बोललो. हे लिहून झालं की शेठकडे जातो. पोलिसांत जातो. आता जातो—

उजेड कमी झाला.

नऊ नंबरवर फळी टेकलीय. बाहेरून. कोणीतरी—

मागे वळून बघितलं. भिंतीपाशी वरवंटा आहे. ती नाही.

फटीतून हनुवटी दिसते. तीन ठिपके. ओठ हलतायत. रा-ज-र— माझं नाव. कुठून कळलं— मीच लिहून ठेवलंय फळीवर.

थांबली. वाट बघतेय.

ओ दिली. ओरडलो. मलाच माझा आवाज—

दुसरी हाक. नीट, सावकाश. थांबली. मी आहे, मी आत आहे, जयाबाई, मी— घशात रक्ताची चव येतेय. तिला ऐकू येत नाही. तिला काहीच ऐकू—

ढकलतोय. पहार बाहेर राहिली. वरवंटा उचलायला जावं तर

तिसरी.

थांबली.

खिळा. तळव्यात लागला ठोका. दुसरा. बारा असतात. मोजतो— तांब्या उपडा पडलाय, मी नाही— सात. आठ.

बोटाएवढा उजेड उरलाय. मार्करचा वास. फळी थरथरते, ती लिहितेय. एकेक अक्षर हाताला कळतं—

आत को