सतरावा पारा

३ डिसेंबर, बुधवार. लातूर

दुकान उघडायच्या आत उदगीरहून सासऱ्यांचा, अब्बांचा फोन. सासूबाईंची बरसी ११ जानेवारीच्या रविवारी धरली. नेहमीसारखा घरच्या घरी कुराणाचा खतम, संपूर्ण वाचन. तीस पारे, म्हणजे भाग, माणसागणिक वाटून घ्यायचे, सगळ्यांचं वाचून झालं की दुआ, मग जेवण.

मी पहिल्या बरसीपासून तिसावा पारा घेत आलो. त्यातल्या सुरा (अध्याय) बारक्या बारक्या, लहानपणापासून ऐकून पाठ. समोर धरायचं, ओठ हलवायचे.

आज अब्बा म्हणाले, "रफीकमियाँ, तीसवाँ अब बच्चे पढ लेते. तुमे सतरवाँ लेव. तुम तो पढनेवाले आदमी."

मी म्हणालो, हौ अब्बा.

घरात तीनशेच्या वर मराठी पुस्तकं. उदगीरच्या गल्लीत मला 'किताबवाला दामाद' म्हणतात. अन् अरबीत अक्षरं ओळखतो, पण जोडून शब्द वाचता येत नाही. हे फक्त बायकोला, नुसरतला माहीत. फोन ठेवून बघतो तर ती कणीक मळता मळता हसून राहिलेली.

५ डिसें., शुक्र.

जुम्म्याच्या नमाजीला उशीर झाला असता. हाताला वार्निश. मोटारीच्या वाइंडिंगवर ओतायचं ते नखात बसतं, अन् नखावर वार्निश असलं तर नमाजीआधी हातपाय धुवायचं, वजूचं पाणी कातडीला लागत नाही, वजू होत नाही. थिनरनं घासलं, मग साबण, मग वजू. मशिदीत थिनरच्या वासानं शेजारचा माणूस जरा सरकून बसला.

येताना रद्दीवाल्या बब्रुवानकडं डोकावलो. त्यानं माझ्यासाठी एक गठ्ठा बाजूला ठेवलेला. कुण्या मास्तराच्या घरातला. दोन प्रवासवर्णनं, एक जाड कादंबरी (शेवटचं पान गायब), एक विहिरींवरचं पुस्तक. कादंबरीचा शेवट नाही म्हणून कमी कर म्हणालो. म्हणाला, "शेवट तुमी घाला की भाऊ, एवढं वाचताव तर."

नु. नं पिशवी बघितली. कपाटाकडं बघितलं, मग माझ्याकडं. कपाटात जागा नाही हे खरंच आहे.

७ डिसें., रवि.

सुरुवात. नु. दुपारी गल्लीतल्या पोरांना अरबी शिकवते, तेच पहिलीचं पुस्तक माझ्यापुढं ठेवलं. मी म्हणालो, पारा आण, थेट. म्हणाली, तुमच्या दुकानात नवा माणूस आला तर त्याला पहिल्याच दिवशी दहा हॉर्सपॉवरची मोटार देता का? पहिलीचं पुस्तक उघडलं.

ऐन नावाचं एक अक्षर आहे. एकटं असलं तर एक तोंड, शब्दाच्या सुरुवातीला दुसरं, मधे तिसरं, शेवटी चौथं. वैतागून म्हणालो, हा माणूस आहे का बहुरूपी?

तिनं लगेच माझीच कादंबरी उघडून समोर धरली. ती उर्दू शाळेतली. मराठी बोलते फाडफाड, वाचते अडखळत. 'सूर्य', 'क्रम', 'राष्ट्र', 'वाऱ्यावर' यांवर बोट ठेवत गेली. "एक र, और इत्ते भेस? मेरेकू बोलताव?"

ठरलं. रोज पहाटे फजरच्या नमाजीनंतर ती मला अरबी शिकवणार, रात्री जेवणानंतर मी तिला मराठी. फी दोन्हीकडून माफ.

१० डिसें., बुध.

माझा घात माझे कान करून राहिले.

दुकानात हेच कान पोट भरतात. मोटार सुरू केली की बेअरिंग गेलंय का वाइंडिंग, न उघडता सांगतो. गिऱ्हाईक बोललं की निलंग्याचं का अहमदपूरचं ते कळतं. पण पारा वाचायला बसलो की डोळा शब्दाच्या तोंडाशी अन् कान ओळीच्या शेवटी. रमजानात रात्री तराबीच्या नमाजीला इतकी वर्षं उभा राहिलो, सगळं कुराण कानावरून गेलंय. एका आयतीचा, म्हणजे ओळीचा, शेवट दुसऱ्या सुरेतल्या आयतीसारखा लागतो, मी ते शेपूट धरतो अन् भलतीकडंच जातो. आज जणू नांदेडच्या गाडीत बसून निलंग्याला उतरलो. सुरात, थाटात.

नु. नं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, माशाल्ला, फार गोड. आता यातलं या पानावर काय आहे ते दाखवा.

काहीच नव्हतं.

१४ डिसें., रवि. नांदेड

अम्मीला भेटायला एकटाच आलो. देगलूर नाक्यावरचं घर, तीच पत्र्याची खोली. मी आलो की खिचडी अन् चिंचेचा खट्टा, ठरलेलं. इथूनच दहाव्या वर्षी वाइंडिंगच्या दुकानात जायला लागलो. सकाळी शाळा, दुपारी दुकान. मकतबची, अरबीच्या शाळेची, वेळ तीच, म्हणून अरबी राहिली. मराठी शाळेत झाली अन् राहिलेली दुकानात, बेअरिंग गुंडाळून यायचं त्या कागदांवर. त्यात कुण्या गोष्टीची दोन पानं आली तर पुढची कुठं गेली म्हणून जीव जायचा.

अम्मीला सतराव्याचं सांगितलं. तिला काही अवघड वाटलं नाही. ती स्वतः कुठलंच अक्षर वाचत नाही. कुराण उघडते, ओळीवर बोट फिरवते, प्रत्येक ओळीला एक बिस्मिल्ला म्हणते. तिची आई तसंच करायची. म्हणाली, तू पण तसंच कर. "अल्ला को सब मालूम है बेटा, किसको कित्ता आता."

परत येताना वाटभर तेच डोक्यात. सोपं आहे. ओठ हलतील, बोट हलेल, अब्बांच्या घरात कुणाला कळायचं नाही. अन् अम्मीच्या बिस्मिल्ल्याला कमी म्हणायची माझी हिंमत नाही. तिची बिस्मिल्ला खरीच आहे. पण अम्मीला कुणी 'पढनेवाली' म्हणून पारा दिलेला नाही. मला दिलाय.

१९ डिसें., शुक्र.

मोटारींचा ढीग. गव्हाला, हरभऱ्याला पाणी चालू, व्होल्टेज कमी-जास्त, रोज जळून येतात. औशाकडचा एक बाबा मोटार उतरवून तिथंच बसला. म्हणाला, "येरवाळी द्या बरं का, न्हाई तर हरभरा माज्याकडं बघून रडंल." येरवाळी, म्हणजे लवकर. कितीतरी दिवसांनी ऐकला हा शब्द. डायरीच्या मागच्या पानावर लिहून घेतला, तिथं ऐकलेल्या शब्दांची वस्ती आहे.

काउंटरवरची कादंबरी बघून विचारलं, हे कुणाचं? माझं म्हणालो. मग बराच वेळ माझ्या नावाच्या पाटीकडं बघत बसला. जाताना तीच मागून नेली. शेवटचं पान नाही म्हणालो तर म्हणाला, मला झोप लागस्तोर पाहिजे, शेवट कशाला.

पारा: अर्धं पान. तेही बोट धरून.

२७ डिसें., शनि.

रात्री स्वयंपाकघरातून नु. च्या हसण्याचा आवाज. कुणाशी बोलते बघायला गेलो. कुणी नाही. गॅसवर कालवण, हातात माझा विनोदी गोष्टींचा संग्रह, अन् ही ओट्याला टेकून एकटीच. कालवण तळाला लागलेलं. हळूच गॅस बंद केला. तीन आठवड्यांमागं ही बाई 'वाऱ्यावर'ला अडकत होती.

करपलेलं कालवण आनंदानं खाल्लं. तिनं जेवताना ती गोष्ट मला परत सांगितली, जशी काही मला माहीतच नाही. ळ अजून ल च होतो. 'गोंधल' म्हणते. मी दुरुस्त करत नाही, मला आवडतं.

पण एक झालं. ती माझ्या पुढं गेली.

२ जाने., शुक्र.

आज तिला म्हणालो, दुकानात काम फार आहे, उदगीरला तूच जा, मी मागाहून जेवायला येतो. ती घडी करत होती कपड्यांची. एका चादरीची घडी पूर्ण केली. मग म्हणाली, माझ्या अम्माच्या नावाचा पारा तुमच्याकडं आहे. नको असेल तर आत्ता अब्बांना फोन करा, ते दुसऱ्याला देतील. पण जेवायला येतो म्हणू नका.

फोन हातात घेतला. ठेवला.

मग तीच जरा नरमली. अडखळत वाचणाऱ्याला दुप्पट सवाब, म्हणजे पुण्य, असतं म्हणाली. मी म्हणालो, मग दुकानातही हेच लावतो, मोटार उशिरा देणाऱ्याला दुप्पट पैसे. हसली. सुटलो.

सासूबाई मला फक्त एक वर्ष मिळाल्या. मी जेवताना पुस्तक वाचतो म्हणून घरचे टोकायचे, तर त्या ताटाशेजारी तांब्या आणून ठेवायच्या. पान उडू नये म्हणून.

वाचणार.

१० जाने., शनि. उदगीर

दुपारच्या एसटीनं आलो. घरात तांदूळ निवडणं, मोठी पातेली घासणं. मेहुणा साजिद स्टेशनवरून पाहुणे आणून राहिलाय. मला बघून म्हणाला, दुल्हेभाई, यंदा कोणती किताब आणली? पिशवीत होतीच एक. दाखवली नाही.

तयारी: पाऱ्याचा पूर्वार्ध बोट न चुकता. उत्तरार्ध एकदाच नजरेखालून, नु. सोबत. बाकी अल्ला मालिक.

११ जाने., रवि. उदगीर

सगळं आजच लिहून ठेवतो.

सकाळी पुरुषमंडळी बाहेरच्या खोलीत सतरंजीवर, बायका आत पडद्याआड. प्रत्येकाच्या हातात आपापला पारा. खोलीभर गुणगुण, मधाच्या पोळ्याला धक्का लागल्यासारखी. त्या आवाजात माझे कान सैरभैर. शेजारचा पाहुणा कुठली आयत म्हणतोय ते मला कळायचं अन् माझं तोंड त्याच्या मागं जायचं. बोट ओळीवर दाबून धरलं, नख पांढरं होईस्तोवर.

अर्ध्यापर्यंत ठीक. पुढं हळू. एकेकाचं संपायला लागलं. पारा चुंबून, डोळ्याला लावून मधल्या चौरंगावर ठेवायचे. पोरांचा तिसावा केव्हाच झाला. आतून बायकांचेही पारे आले. मसाल्याचा वास दाटला. चौरंगावर एकोणतीस. सगळे माझ्याकडं.

तीसही पारे चौरंगावर आल्याशिवाय दुआ होत नाही. अन् दुआ झाल्याशिवाय पातेल्याचं झाकण निघत नाही.

साजिद जवळ सरकला. हळूच विचारलं, हुआ ना दुल्हेभाई? त्याच्या डोळ्यांतच होतं, हो म्हणा अन् उठा. कुणी काही म्हणालं नसतं. बाकीच्या ओळींवर बोट फिरवून बिस्मिल्ला म्हणायलाही दोन मिनिटं पुरली असती.

म्हणालो, "नाही झालं. मला हळू वाचता येतं. सहा पानं राहिली."

मोठ्यानं म्हणालो बहुतेक. कारण आतली कुजबुज पण थांबली. एक पाहुणा दाढीतल्या दाढीत हसला, किताबवाला दामाद म्हणून.

अब्बा हसले नाहीत. आधी मुलांना अन् लांबच्यांना जेवू घाला म्हणाले, दुआ दुपारच्या असरच्या नमाजीनंतर. पातेली उघडली. सगळे उठले. मी बसलोच, मान वर न करता.

खोली रिकामी झाली तसे अब्बा माझ्या शेजारी येऊन बसले. चष्मा लावला. मी कसंबसं आणखी थोडं वाचलं, अन् नेमकं तिथं एक ओळखीचं शेपूट आलं. कान पळाले. मी पुढचं म्हणायला लागलो, तर अब्बांनी माझं मनगट धरलं.

"आगे का मैं पढता," म्हणाले. मग, "तू सुन नक्को. देख."

ते वाचत गेले, सावकाश, एकेक शब्द. माझं बोट त्यांच्या आवाजाबरोबर. कधी नव्हे ते आवाज अन् अक्षर एकाच जागी भेटत होते. शेवटची चार पानं अशी झाली. त्यांनी पारा बंद करून माझ्या हातात दिला, मी चौरंगावर ठेवला.

दुआ झाली. सासूबाईंचं नाव घेताना अब्बांनी चष्मा काढला. मग आम्ही दोघं शेवटच्या पंगतीत जेवलो. ते भाताबद्दलच बोलले, तांदूळ जुना आहे म्हणून.

१२ जाने., सोम. लातूर

गाडीत नु. ला विचारलं, अब्बांना तू सांगितलं होतंस? शपथ घेतली, नाही. साजिदला? नाही. मग त्यांना माझ्या कानांचं कसं कळलं? तिनं खिडकीबाहेर बघितलं. म्हणाली, मी त्यांचीच मुलगी आहे ना. म्हणजे तिच्यासारखंच त्यांनीही नुसतं ऐकून ओळखलं असावं. अन् आधीपासून कळलं होतं तर सतरावा मुद्दाम...

दुकानापुढं तीन मोटारी. औशाच्या बाबाचा हरभरा वाचला. कादंबरी अजून त्याच्याकडंच.

१८ जाने., रवि.

खतम झाला, दुआ झाली, सवाब पोचला असं नु. म्हणते. तिचं बरोबर आहे. पण ती चार पानं मी वाचली नाहीत, बघितली. रोज फजरनंतर तीच घेऊन बसतो. आज पहिलं पान संपलं. अब्बांचा आवाज कानात येतो, तो बाजूला ठेवून वाचायचं, ते फार अवघड जातंय.

संध्याकाळी त्यांचा फोन. रमजानात लातूरला येतो म्हणाले, शेवटचे दहा दिवस. "तराबी के बाद बैठेंगे." म्हणजे पारा उघडूनच. हौ म्हणालो.

त्यांची गादी टाकायची तर पुस्तकांच्या कपाटाची खोली थोडी रिकामी करावी लागेल. नु. म्हणते, विहिरींचं अन् प्रवासाची पलीकडं नेऊ, विनोदी राहू द्या, रात्री लागतात. मी पुस्तकं भरायला पोती शोधून राहिलो.