चाकाखालचं लिंबू

शनिवार, २२ फेब्रुवारी २००३. रीडिंग, इंग्लंड.
घेतली! पिकअप घेतली. डबल कॅब, डिझेल, हिरवा रंग, मागे ट्रेलर ओढायला दणदणीत टो-बार. आठ वर्षं जुनी आहे, पण अशा गाड्या जुन्या होत नाहीत, मुरतात.
वैभवीने पोटावर हात ठेवून गाडीभोवती एक चक्कर मारली आणि बेबी सीट कुठे बसणार असं विचारलं. मागच्या सीटवर. व्यवस्थित बसते. तिला फॅमिली कार हवी होती. अगं, फॅमिलीसाठीच आहे ही! घराच्या एक्स्टेन्शनचं सगळं सामान यातूनच तर येणार.

रविवार, २३ फेब्रुवारी
सासूबाईंचा पिनरहून, म्हणजे लंडनच्या टोकावरून, फोन. वैभवीशी बोलल्या. माझ्याशी त्या थेट बोलत नाहीत. चार वर्षं झाली लग्नाला, एकदाही नाही. जावयाला नावाने हाक मारायची नाही, त्याचं चुकतंय असं तोंडावर म्हणायचं नाही, हे सगळं त्या एकोणसत्तर साली साताऱ्याहून बरोबर घेऊन आल्या आणि पिनरमध्ये जपून ठेवलं. मी समोर बसलेलो असलो तरी वैभवीला म्हणतात, त्यांना विचार, चहा घेणार का. वैभवी पिनरमध्येच वाढली. आईची पाच वाक्यं ती एका वाक्यात उरकते.
आजचं एक वाक्य : पहिलं बाळंतपण माहेरी.
मी साफ सांगितलं, माझं बाळ माझ्या घरी येणार. आईंनी इकडे यावं. त्यावर निरोप आला की येईन, पण गुडघ्यांना जिने झेपत नाहीत, खाली खोली आणि बाथरूम हवं. मेच्या मध्यापर्यंत खोली झाली तर ठीक, नाहीतर वैभवी पिनरला.
तिकडे गेली की सव्वा महिना तरी गेलीच. मी काय करायचं? पाहुण्यासारखं शनिवारी फळं घेऊन जायचं आणि स्वतःचं मूल दुसऱ्याच्या हॉलमध्ये बसून बघायचं? आणि घरजावई होऊन पिनरला राहणं या जन्मात शक्य नाही. हे लिहून ठेवतो.

गुरुवार, २७ फेब्रुवारी
बिल्डरने घोळ घातला. पायाचं काँक्रीट सोमवारी दहा मार्चला सकाळी येणार. पण चर खणायला मिनी-डिगर हवा आणि भाड्याने देणाऱ्यांकडे त्या आठवड्यात पोचवायला माणूसच नाही. काँक्रीटची तारीख गेली तर पुढची एप्रिलअखेर. म्हणजे खोली जूनमध्ये. म्हणजे पिनर.
मी शांतपणे म्हणालो, डिगर मी आणतो. बिल्डरने विचारलं, यापूर्वी कधी ट्रेलर ओढलाय का. मेकॅनिकल इंजिनिअर आहे मी, फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन. आता सॉफ्टवेअरमध्ये आहे, ते सोडा.

शनिवार, १ मार्च
प्रॅक्टिस. सतीशच्या शेजाऱ्याचा छोटा ट्रेलर मागून आणला. (सतीश म्हणजे माझा ऑफिसमधला नागपूरचा मित्र. हौशी आहे, पण अक्कल बेताची.) सुपरमार्केटच्या रिकाम्या कोपऱ्यात रिव्हर्स घेऊन पाहिलं. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो! डिझाइनमधली चूक आहे. सतीश मागे उभा राहून येऊ दे, येऊ दे, येऊ दे करत होता. ट्रॉल्यांच्या रांगेत गेल्यावर बस म्हणाला.
पुढे जायला काही अडचण नाही. आणि आपल्याला जायचंय पुढेच.

बुधवार, ५ मार्च
नेटवरून टोइंगची सगळी माहिती काढून प्रिंट घेतली. वजन कुठे असावं, पट्टे कसे आवळावेत, टायरमध्ये हवा किती. हवेपर्यंत वाचलं. बाकीचं कॉमन सेन्स.
सासूबाईंना बातमी कळली. वैभवीमार्फत विचारणा : लायसन्सवर चालतं का ते त्यांनी बघितलंय का. आहे की लायसन्स! दोन हजार साली पहिल्या फटक्यात पास झालोय. त्यावर वैभवी कॅरॅव्हॅनचा अल्बम काढून बसली. ऐंशीच्या सुमाराला हे लोक दर उन्हाळ्यात कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, गाडीमागे ओढत वेल्सला जायचे. प्रत्येक फोटोत कै. सासरे गाडीत पॅसेंजर सीटवर नकाशा धरून. जातिवंत ड्रायव्हर, निघण्याआधी रस्ता पाठ करतोय! आज ते असते तर आमचं जमलं असतं.

शुक्रवार, ७ मार्च
सासूबाई बॅग घेऊन आल्या. वैभवीला एकटं ठेवायला नको म्हणून. माझ्या स्वप्नाची पहिली पायरी.
संध्याकाळी गाडीची पूजा. हळद-कुंकू, हार, चारी चाकांखाली लिंबं. ट्रेलरच्या चाकांसाठी वेगळी घेऊन ठेवली आहेत. नारळ जमिनीवर फोडा, असा वैभवीमार्फत निरोप आला. पण टो-बारवर तो लोखंडी गोळा असताना जमीन कशाला? आणि खरं काम त्याचंच आहे, मान त्याचा. एका फटक्यात दोन शकलं. पाणी सगळीकडे उडालं. फार शुभ!

शनिवार, ८ मार्च, यार्डमधून
गाडीत बसून लिहितोय. 
न्यूबरीच्या पुढचं, डिगर भाड्याने देणाऱ्यांचं यार्ड. बारा वाजता बंद होतं, मग थेट सोमवारी नऊला उघडतं. सासूबाई मागच्या सीटवर. वैभवीने त्यांना बरोबर पाठवलं, कशाला ते देव जाणे.
डिगर ट्रेलरवर चढवला, ट्रेलर जोडला. यार्डवाल्याने ट्रेलरचे दिवे लावून दाखवा म्हटलं. एकही लागेना. त्याने टो-बारशेजारचं सॉकेट उघडलं आणि आतून बोटाने खोबऱ्याचा तुकडा काढला. हे काय म्हणून विचारलं. मी म्हटलं, धार्मिक आहे. त्याने मान हलवली आणि कसलासा स्प्रे मारून, पुसून दिवे लावून दिले. भला माणूस.
मग म्हणाला, लायसन्स.
मी ऐटीत दिलं. त्याने उलटसुलट केलं आणि परत दिलं. सत्त्याण्णवच्या जानेवारीनंतर पास झालेल्यांना एवढा जड ट्रेलर ओढायला वेगळी टेस्ट द्यावी लागते म्हणे! कायदाच तसा आहे. आधी पास झालेल्यांना चालतं. मी समजावलं, बायको आठव्या महिन्याच्या तोंडावर आहे. तो म्हणाला, म्हणूनच.
सतीशला फोन. दोन हजार एकचा. महाराष्ट्र मंडळाच्या सेक्रेटरीला फोन. नव्व्याण्णवचे. खजिनदार. अठ्ठ्याण्णव! मोबाइलमधले सगळे झाले. रीडिंगमधला एकूणएक मराठी माणूस वायटूकेच्या कृपेने आलेला. सत्त्याण्णवच्या आधीचा एक म्हणून मिळेना!
साडेअकरा झालेत. खोली गेली. बाळ पिनरला. रडू येतंय. खरंच येतंय.

तीच तारीख, घरी
मी कपाळाला हात लावून बसलो असताना मागच्या सीटवर सासूबाई मोबाइलवर कुणाशी तरी हळू आवाजात बोलल्या. मग माझा मोबाइल वाजला. रीडिंगहून वैभवी. म्हणाली, आई सांगते तिचं लायसन्स एकाहत्तरचं आहे.
आई माझ्यापासून दोन फुटांवर!
मी म्हटलं, मग कॅरॅव्हॅन? वैभवी म्हणाली, बाबा कधी टेस्ट पासच झाले नाहीत. गाडी आईच चालवायची, बाबा नकाशा धरायचे.
इन्शुरन्सवाल्यांना फोन करून नाव घातलं. पलीकडच्या मुलीने नातं विचारलं. मदर-इन-लॉ म्हटल्यावर ती गुड लक म्हणाली.
सासूबाईंनी सीट पुढे ओढली, कार्डिगनच्या बाह्या वर केल्या, उतरून ट्रेलरकडे बघितलं आणि पुन्हा फोन. वैभवीकडून मला निरोप : डिगर फार मागे आहे, शेपूट हलेल, थोडा पुढे घ्यायला सांगा. मी गणिताने मध्यबिंदू सांगितला. यार्डवाल्याने माझ्याकडे न बघताच डिगर पुढे घेतला.
एम-फोर मोटरवेवर तीन लेन असताना बाई डावी सोडायला तयार नाहीत. साठच्या वर काटा नाही. लॉऱ्या हॉर्न देत पुढे. मी दोनदा आता घ्या, आता घ्या म्हटलं. रेडिओ मोठा झाला.
घराशी पोचल्यावर मी मागे उभा राहून येऊ द्या, येऊ द्या सुरू केलं. दारातून वैभवीने आईचा निरोप दिला, की त्यांना बाजूला व्हायला सांग, आरशात तेच दिसतायत. एका दमात ट्रेलर ड्राइव्हवेवर. समोरच्या म्हाताऱ्याने टाळ्या वाजवल्या.
असो. डिगर आला. माझ्या गाडीनेच आला.

रविवार, ९ मार्च, सकाळ
सगळे माझ्याशी जरा जास्तच प्रेमाने वागताहेत. सासूबाईंनी थालीपीठ केलं, लोणी घातलं. कीव आहे ती. मला कळते.
काहीतरी एक काम मी स्वतः केलं पाहिजे. दोघी देवळात चालल्या आहेत. बिल्डर दुपारी चर खणायला येणार, तेवढ्यात पिकअप ट्रेलरपासून सोडवून ठेवतो. सोडवायला काही लायसन्स लागत नाही. जाताना वैभवीने सांगितलं, की चाकांना लाकडाचे ठोकळे लाव, आई म्हणते ड्राइव्हवे घराकडे उतरता आहे. बघतो म्हटलं. ट्रेलरच्या चारी चाकांखाली लिंबं ठेवलेली आहेतच.

रविवार, दुपार
लिंबं चिरडली.
ट्रेलरचा हँडब्रेक ओढला होता मी. बहुतेक अर्धा. पिकअप सुटली, मी पुढे घेतली, मागे वळून बघतो तर डिगर आमच्या घराकडे निघालेला. शांतपणे, अगदी चालत जाणाऱ्या माणसाच्या वेगाने. मी धावत जाऊन पुढून हाताने अडवायला गेलो. दोन टन! बूट घसरले म्हणून वाचलो. ट्रेलर हॉलच्या खिडकीतून आत गेला आणि जाताना भिंतीवरची गॅसच्या मीटरची पेटी घेऊन गेला.
गॅसवाले आले. रस्ता बंद. समोरच्या म्हाताऱ्यासकट सगळे शेजारी फुटपाथवर. गॅस तोडला. हीटिंग नाही, गरम पाणी नाही, हॉलला समोरची भिंत नाही.
देवळातून दोघी आल्या.  वैभवी रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त हे विचारलं, की तुला लागलं नाही ना. आणि मग बॅग भरायला गेली. मी तिच्या मागे मागे जिन्यात. म्हटलं, आठ दिवसांत भिंत बांधतो. ती म्हणाली, अरे, अशा थंडीत कशी राहू मी इथे?
बरोबर आहे तिचं.  मोजे शोधून दिले.
संध्याकाळी सासूबाई तिला माझ्या पिकअपमधून पिनरला घेऊन गेल्या. मी खिडकीला ताडपत्री ठोकत होतो, त्यामुळे हातही हलवता आला नाही.

सोमवार, १० मार्च
काँक्रीटची लॉरी वेळेवर आली. चर नसल्यामुळे वेळेवर गेली.

शनिवार, १९ एप्रिल
इन्शुरन्सवाल्यांना लिंबाचं अजून कळलेलं नाही. खोलीची नवी तारीख जुलै. पिकअप पिनरलाच आहे. सासूबाईंना मार्केटला सोयीची पडते. मी दर शनिवारी ट्रेनने जातो. लंडनला जाऊन, गाडी बदलून. आज सफरचंदं नेली. वैभवीने बाळाचं लाथ मारणं दाखवायला माझा हात पोटावर ठेवला. नेमकं तेव्हाच ते झोपलं.

शनिवार, २४ मे
मुलगी झाली! गुरुवारी पहाटे. पिकअपमधून सासूबाईंनी वैभवीला हॉस्पिटलात वेळेत पोचवलं. मी पहिल्या ट्रेनने निघालो. पोचलो तेव्हा मुलगी दोन तासांची होती. कपाळ माझं आहे. मोठं आहे.
आज डिस्चार्ज. बेबी सीट मागच्या सीटवर व्यवस्थित बसते. हे मी पहिल्याच दिवशी लिहिलं होतं. वैभवी बाळाशेजारी मागे. सासूबाई स्टिअरिंगवर. मी कुठे बसावं या विचारात बाहेरच उभा होतो. ऑफिसातून सुट्टी सव्वा महिन्याची मिळत नाही, पण पिनरला राहून रोज ट्रेनने ऑफिसला जाता येईल असं मी हिशोबाने काढलं होतं, फक्त सांगायचं कसं ते सुचत नव्हतं. माझी बॅग खांद्याला होतीच.
मेन रोड बंद होता, वळसा होता. वैभवीचा डोळा लागलेला, त्यामुळे निरोप द्यायला कुणी नव्हतं. सासूबाईंनी पॅसेंजरकडचं दार आतून उघडलं, डॅशबोर्डवरचा जुना नकाशा माझ्याकडे केला आणि चार वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या. म्हणाल्या, परीक्षित, बस रे आता, आणि हा धर.
बसलो. धरला.