इंद्रजीतची जिरवणारा कॅमेरा

१ फेब्रुवारी
आजपासून रोज लिहिणार. सूड घ्यायचा तर डोकं थंड पाहिजे.
तनुजाच्या लग्नाचे फोटो इंद्रजीत काढणार! मी तिचा सख्खा बाप, उस्मानपुऱ्यात अठ्ठावीस वर्षं माझा फोटो स्टुडिओ. आणि ऑर्डर कुणाला, तर मामाला. म्हणजे माझ्या मेव्हण्याला, ज्याला फ्लॅश कुठून लावतात हे मी शिकवलं. तनुजा म्हणते, पप्पा, तुम्ही फोटोत पाहिजे, फोटो काढायला नको. सगळ्या सबबी. संध्या म्हणते, अहो, माझा भाऊ आहे तो. तोच तर मुद्दा आहे.

३ फेब्रुवारी
साखरपुड्यातलं विसरलेलो नाही. इंद्रजीत चारचौघांत म्हणाला, दाजी, तुमचा कॅमेरा आता मकबऱ्यात ठेवा, तिकीट लावून. सगळे हसले. संध्यापण हसली.
ठरलं. नवा कॅमेरा घेणार. लग्नात त्याच्यासमोर उभा राहून फोटो काढणार. त्याचा अल्बम फिका पाडणार.

५ फेब्रुवारी, सकाळी
तीन कॅमेऱ्यांची तुलना केली. एकदम शास्त्रशुद्ध.
पहिला: हलका, दोन कार्डं, कमी उजेडातही झकास. पण इंद्रजीतकडं हाच आहे. बाद.
दुसरा: पंचेचाळीस मेगापिक्सेल. उजेड कमी पडला की फोटोत दाणे येतात. शिवाय जड.
तिसरा: बॅटरी, लेन्स, रंग, सगळ्यात सरस. दुकानदारही हाच घ्या म्हणतो. पण दिसायला एवढासा. इंद्रजीतला लांबून दिसणारच नाही. बाद.
दुसराच घेणार. लग्न दुपारचं आहे.

९ फेब्रुवारी
शहागंजातून कॅमेरा आणला. दुकानदार म्हणाला, सर्जेरावभाई, पहले किताब पढ लो. मी म्हणालो, अठ्ठावीस साल से क्या भाजी बेच रहा हूँ? किताब खोक्यातच आहे.

१२ फेब्रुवारी
कॅमेऱ्याच्या मेनूत सोनं सापडलं. फेस रजिस्टर!
रजिस्टर म्हणजे नोंद. नोंद कुणाची असते? पोलीस ठाण्यात गुन्हेगाराची. तो चेहरा दिसला की कॅमेरा सावध होणार आणि त्याला बाजूला टाकणार. इंद्रजीतच्या दुकानावर त्याचाच हसरा बॅनर आहे. समोरच्या रसवंतीत उभा राहून त्याची नोंद केली. कॅमेऱ्यानं विचारलं, प्रायॉरिटी? एक नंबर दिला. मग उसाचा रस प्यालो. लई दिवसांनी गोड लागला.

१४ फेब्रुवारी
उद्यापासून रोज शंभर फोटोंचा सराव.

१५ फेब्रुवारी
पत्रिका वाटल्या.

१६ फेब्रुवारी
पत्रिका. सराव उद्या.

२० फेब्रुवारी
हात मुरलेला असला की सराव लागत नाही.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळी
पडेगावच्या कार्यालयाच्या लॉनवर लग्न पार पडलं. पुण्याहवाचनाला बसलो तेव्हा कॅमेरा गळ्यात होता. गुरुजी म्हणाले, यजमान, तो डबा काढा. काढला नाही, पाठीवर घेतला.
आणि मग नशीबच उघडलं. मंगलाष्टकांना मामा नवरीच्या मागं उभा राहतो, हे मी विसरलोच होतो. इंद्रजीतनं त्याचा कॅमेरा बायकोच्या, प्रेरणाच्या हातात दिला आणि फेटा सावरत तनुजाच्या मागं उभा राहिला. शत्रू आपणहून निशाण्यावर! नोंद तर आहेच. आता पोरगी खणखणीत दिसणार आणि तो धुक्यात जाणार.
आंतरपाट धरल्यापासून बोट उचललं नाही. उन्हात स्क्रीन दिसत नव्हती. गरजही नव्हती. सहाशे बारा फोटो. इंद्रजीत संपला.

२३ फेब्रुवारी
कॉम्प्युटरवर बघितले. सहाशे बारा फोटो, सहाशे बारा इंद्रजीत.
आंतरपाट खाली आला तेव्हा तो रडत होता. पापणीचा केस न् केस दिसतो. त्याच्यापुढं एक पिवळं धुकं आहे. ती तनुजा.
खोक्यातून किताब काढली. नोंदवलेला चेहरा कॅमेरा सगळ्यांच्या आधी टिपतो, गर्दीतही सोडत नाही, असं लिहिलंय. छपाईची चूक असावी.

२४ फेब्रुवारी
संध्यानं मला न विचारता त्यातला एक फोटो भावाला पाठवला. त्यानं लगेच डीपीला लावला. स्टेटसलापण तोच, खाली लिहिलंय: फोटो, आमचे दाजी. मग फोन. दाजी, असा फोटो माझा जिंदगीत कुणी काढला नाय. मला वाटायचं तुम्ही माझ्यावर खार खाऊन हायत. माफ करा. बोलता बोलता पुन्हा रडला.
असल्या माणसाचा सूड घ्यायचा तरी कसा? मला फार राग आलाय.

२६ फेब्रुवारी
सासरहून तनुजाचा फोन आला. पप्पा, मामाचा फोटो लई भारी. आता माझा पाठवा ना, तुम्ही काढलेला. सासूबाईंना दाखवायचाय. एडिटिंग चालू आहे म्हणालो.
सहाशे बारा फोटो पुन्हा पहिल्यापासून बघितले. पोरीचा चेहरा कुठंच नाही. सासूबाईंचं जाऊ द्या, मला पाहिजे तिचा एक फोटो. चार दिवस झाले, घरात करमत नाही.
इंद्रजीतकडं मागावा लागणार. तो दहाला दुकान उघडतो. उद्या साडेनऊलाच जाऊन पायरीवर बसतो.