मयतीचा बर्फ

जेकबाबाद, भर दुपार

अदा इमदाद,

बाबा झोपेतच गेले, असं मी तुला फोनवर सांगितलं. तुला, माझ्या भावाला, कराचीत तेवढाच आधार राहू दे, म्हणून हे पत्र टाकणार नाही.

त्या दिवशी पारा बावन्नावर होता आणि सकाळपासून वीज नव्हती. बाबांच्या अंगावर ओली गोधडी टाकली की लगेच सुकायची. ते बरळायला लागले, तशी अम्मा आणि मी पंजलचाचांच्या बर्फाच्या दुकानात धावलो. एकच लादी उरली होती.

"ही मयतीसाठी राखलीये, पोरी," चाचा म्हणाले. "निदान मुडदा तरी नासू नये. तुमच्याकडे कोणी गेलंय का?"

मी हो म्हणणारच होते. अम्मानं माझा दंड दाबला. "जित्या माणसाला मेला म्हणतेस? जीभ झडेल!"

आम्ही हात हलवत परतलो. संध्याकाळी तीच लादी चाचांनी स्वतः गाढवगाडीवरून आणून दिली. पैसे घेतले नाहीत. तू येईपर्यंत बाबा तिच्यावर गार राहिले.

काल शेजारची सभागी उन्हानं अंगणात कोसळली. तिला नववा महिना आहे. अम्मा उठली, डोक्यावर ओढणी घेतली आणि दुकानात गेली. मी मागोमाग होते.

"मयत झालीये," अम्मा म्हणाली.

"कोण गेलं, भाभी?"

"माझा नवरा."

चाचा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी लादी गाडीवर चढवली.

सभागी वाचली. अम्मा अजून रडलेली नाही.

तुझी बहीण,
हकीमां