बांधलेले अंगठे

२२ एप्रिल, मंगळवार

आज निंबपाण्याला हजर झाले. शिरपूरहून काळीपिवळीने नाल्यापर्यंत आणि तिथून दोन किलोमीटर पायी. आप्पांनी गादी डोक्यावर घेतली होती. चाळीसगावच्या मार्केटात तीस वर्षं पोती उचललेला माझा बाप, गादीचं त्यांना काही वाटलं नाही. उपकेंद्राच्या भिंतीवर कुणीतरी माझं नाव खडूने लिहून ठेवलंय : सुलक्षणा हिलाल महाजन, समुदाय आरोग्य अधिकारी. आप्पा एकेक अक्षर लावत ते वाचत राहिले. मग म्हणाले, पुसलं जाईल, रंगाने लिहून घे.

दोन खोल्या आहेत. पुढची तपासणीची, मागची माझी. नवारीची खाट, एक टेबल, लाइट असली तर चालणारा कूलर. मला एवढं पुरे आहे. धुळ्याच्या होस्टेलात एका खोलीत आम्ही सहा जणी होतो.

इथल्या आशाताई दिवालीबाई चाळिशीच्या आहेत. आपसात सगळे पावरी बोलतात, माझ्याशी मात्र अहिराणी, म्हणजे मला घरचीच भाषा. माझी पुस्तकं लावून देता देता त्यांनी विचारलं, "इतली पुस्तकं! दुखनं बरं करशात, का त्यानी परीक्षा लिशात?" मीही हसले.

गावात सात गरोदर बाया आहेत. एकीचंही बाळंतपण घरी होऊ द्यायचं नाही, हे मी आजच ठरवलंय. सगळ्यांत काळजी ममताची वाटते. एकोणीस वर्षांची, पहिलटकरीण, सातवा महिना, पायांवर सूज, बीपी थोडं चढं. ती आणि तिचं बाळ सुखरूप घरी आली, तर मी शिकले त्याचं चीज झालं असं मानेन.

२६ एप्रिल, शनिवार

तेंदूपत्त्याचे दिवस आहेत. पहाटे अंधारात अख्खं गाव जंगलात जातं, दहाला परत येतं, पानांचे पुडे बांधतं, जेवतं आणि एक ते चार गाढ झोपतं. दुपारी गावात कुत्रंही भुंकत नाही. बायांना गाठायचं तर याच वेळेला, म्हणून दोन वाजता ममताकडे गेले.

ओट्यावर ममता, तिचा नवरा बबलू आणि सासरे सिंगाआबा ओळीने उताणे झोपले होते. प्रत्येकाच्या दोन्ही पायांचे अंगठे एकमेकांना चिंधीने बांधलेले. आमच्याकडे असे अंगठे फक्त मेलेल्या माणसाचे बांधतात. आजोबा गेले तेव्हा आईने बांधलेले मी पाहिले आहेत. शेजारच्या घरात डोकावले. तिथेही तेच.

दिवालीबाई म्हणाल्या, पानांच्या दिवसांत दुपारी सगळेच बांधतात. का, तर "त्याले वाटाले पाहिजे, आठे कोनी जित्तं नही." त्याला म्हणजे कोणाला, असं विचारलं तर त्या पुडे बांधायला लागल्या.

ममताच्या सुजलेल्या पायात चिंधी रुतून काळा वळ उठलाय. मी सिंगाआबांना रागावले. ते दात नसलेलं तोंड उघडून हसले आणि म्हणाले, "पाय आमना, चिंधी आमनी, तुमले कथं दुखस, मॅडम?" ओट्यावरचे सगळे हसले. ममताही. मला हसू आलं नाही. चार वर्षं रक्ताभिसरण शिकून मी एका चिंधीपुढे हरले.

३० एप्रिल, बुधवार

आज मला एक अनुभव आला. दुपारी पडले होते. जाग आली, डोळे उघडे, कूलरची जाळी दिसतेय, पण शरीर हलेना. हाक मारायला गेले तर जीभ उचलेना. खाटेची नवार पायाशी खचली, जसं कुणी बसल्यावर खचते तशी. आणि माझ्या श्वासाबरोबर आणखी एक श्वास, अर्धा क्षण मागे.

भीती वाटली, खोटं कशाला लिहू. पण हे आम्हाला शिकवलंय. मेंदू जागा होतो, स्नायू झोपेतच राहतात, त्यात भास होतात. उपाय साधा आहे : पायाचा अंगठा किंवा करंगळी, एखादा लहान भाग हलवायचा. मी सगळा जोर उजव्या अंगठ्यात आणला. हलला. लगेच सगळं अंग सुटलं. नवार ताठ, खोलीत कोणी नाही.

म्हणजे हेच. पहाटेपासूनचे कष्ट, अर्धवट झोप, उन्हाळा, पाणी कमी. अख्ख्या गावाला झोपेतला लकवा होतोय आणि त्यावर उपाय म्हणून पाय बांधताहेत. इतकं सोपं आहे आणि कोणी येऊन सांगितलं नाही यांना.

३ मे, शनिवार

सभा झाली. मी मेंदूचं मोठं चित्र काढून नेलं होतं. तालुक्याचे समन्वयक योगेंद्र सर मुद्दाम आले आणि मोबाइलवर शूटिंग केलं. बायांना झोपवून अंगठा हलवून दाखवायला लावलं. खूप हसल्या. घोषणा सरांनीच सुचवली : अंगठा हलवा, भीती पळवा.

शेवटी मी बँडेजची कात्री काढली. कोणी पुढे येईना. मग ममता उठली. तिने मला हळूच विचारलं, खरंच काही येत नाही ना? मी म्हटलं, काही येत नाही. तिने कनवटीला खोचलेली चिंधी काढून पुढे केली. मी चिंधी कापली. तिच्यामागून अकरा जणी आल्या.

दिवालीबाई आल्या नाहीत. आशाताईच पुढे येत नसेल तर मी गाव कसं बदलायचं? परत येताना मी त्यांच्याशी बोलले नाही.

६ मे, मंगळवार

व्हिडिओ तालुक्याच्या सगळ्या ग्रुपवर गेला. आई फोनवर म्हणाली, "आते टीव्हीवर येशी का व?" बरं वाटलं.

दुपारी पुन्हा तसंच झालं. या वेळी पायाच्या बोटांना काहीतरी लागलं. एकेक बोट दाबून, किंचित वाकवून, सोडून पुढचं. बाजारात बाया भेंडीचा शेंडा मोडून कोवळी आहे का बघतात, अगदी तसं. घाई नाही. मी अंगठा हलवला. ते थांबलं. मग त्याच अंगठ्याला पुन्हा एकदा दाबलं, आणि अंग सुटलं.

भास आहे. स्पर्शाचेही भास होतात, पुस्तकात आहे. पण मग माझी चिडचिड का होतेय? कारण ममताला मी सांगितलं की काही येत नाही, आणि आज संध्याकाळी मला तिच्यासमोर बीपीचं मशीन नीट बांधता आलं नाही.

९ मे, शुक्रवार

साडेतीनला बबलू पळत आला. ममता उठत नाही.

डोळे उघडे. श्वास नीट, नाडी अठ्ठ्याऐंशी, बीपी एकशे तीस-नव्वद. झटके नाहीत. बाळाचे ठोके नीट. टॉर्च मारला तर बाहुली आकसते. चिमटा काढला तर डोळ्यांतून पाणी येतं, म्हणजे तिला कळतंय. पण हात उचलून सोडला की पडतो. बोलत नाही. पापणी हलवत नाही.

फक्त उजव्या पायाचा अंगठा हलत होता. वर, खाली. वर, खाली. मी शिकवलं तसा. मी हाताने धरला तर माझ्या मुठीत हलत राहिला. ममताने मुद्दाम हलवावा असा नव्हता तो. नवीन वस्तू हातात आली की माणूस चालवून बघतो, तसा होता.

अँब्युलन्स नाल्यापलीकडे थांबली. खाटेवर घालून नेलं. दिवालीबाई सोबत गेल्या.

१२ मे, सोमवार

धुळ्याला जाऊन आले. मोठ्या दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या. मेंदूचा फोटो नीट, रक्त नीट, बाळ नीट. मनावर आघात झाला असावा म्हणाले. तिथल्या सिस्टरने चादर अंगठ्यावर ओढून ठेवली होती. चादर हलत होती.

बबलू मला काही विचारत नाही. विचारलं असतं, शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

सिंगाआबा दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. मी त्यांच्यापाशी बसले. आज त्यांनी सांगितलं. ते घरोघर बघत फिरतं. मेलेलं दिसलं तर पुढे जातं. पडल्या पडल्या काही हाललं की त्याला कळतं, आत कोणीतरी राहतंय, घर चालू आहे. "मंग ते बाहेर कसाले ऱ्हाई?" मी विचारलं, आबा, हे तेव्हाच का नाही सांगितलं? ते म्हणाले, सांगितलं असतं तर तुम्ही हसल्या असत्या.

हसले असते.

१४ मे, बुधवार

सरांना फोन लावायला टेकडीवर तीनदा चढले. म्हटलं, तो व्हिडिओ काढून टाका. का, म्हणाले. ममताचं सांगितलं. त्याचा याच्याशी काय संबंध, म्हणाले. बरोबर आहे. तीन आठवड्यांपूर्वी मीही हेच म्हटलं असतं. ग्रुपवर लिहायला गेले तर फक्त ॲडमिनच लिहू शकतात. सरच ॲडमिन आहेत.

सोमवारी, एकोणीसला, शिरपूरला तालुक्यातल्या सगळ्या आशांचं ट्रेनिंग आहे. तिथे व्हिडिओ मोठ्या पडद्यावर दाखवणार, मग प्रत्येक आशा आपापल्या गावात हेच शिकवणार. तुम्ही या, दोन शब्द बोला, सर म्हणाले. आवाजात कौतुक होतं.

कुणाकुणाच्या गावात ही दुपार होत असेल. किती ममता.

१५ मे, गुरुवार

जीपवाला सांगत होता, वरच्या पाड्यावर दोन बाया अशाच पडल्यात. डोळे उघडे. त्यांनीही मोबाइलवर बघितलं होतं.

आज दुपारी मी चिंधी बांधली. पदवीधर मुलगी, स्वतःचे अंगठे स्वतःच बांधून झोपली. ते आलं. बोटं चाचपली नाहीत. त्याची गरज नाही आता. सरळ छातीशी येऊन बसलं.

हलले नाही. एक तास. हलले नाही.

१७ मे, शनिवार

झोपत नाही. चहा, तोंडावर पाणी, टेकडीपर्यंत फेऱ्या. दिवालीबाई सोबत बसतात. त्यांना विचारलं, एकदा हललेल्याचं पुढे काय होतं? त्या माझे केस विंचरत होत्या, विंचरत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमले ठाऊक नव्हतं ना, माय."

मी त्यांच्याशी पंधरा दिवस धड बोलले नव्हते.

१८ मे, रविवार

झोपेत नव्हते. उभी होते. चहा गाळत होते आणि डाव्या हाताची सांडशी — हात तसाच राहिला, हवेत. पातेलं त्यात. चहा सांडतोय, पोळतंय, कळतंय, हात माझा नाही. दहा मिनिटं असेल.

म्हणजे त्याला मी झोपलेली असायची गरजच नाही.

उद्या मी शिरपूरपर्यंत नीट पोचेन याची खात्री नाही. दिवालीबाई जाणार आहेत. त्या बोलल्या तर साहेब लोक अंधश्रद्धा म्हणून खाली बसवतील. माझ्या सहीचा कागद असला तर वाचावा लागेल. उद्या सकाळी लिहून देते. आत्ता आधी पोळलेला हात बांधून घेते.

१९ मे, सोमवार. सकाळचे सात

जीप साडेसातला. कोरा कागद शोधत बसत नाही, इथेच लिहिते आणि पान फाडून देते.

सर्व आशाताईंना. ३ मेच्या व्हिडिओत मी सांगितलेला उपाय चुकीचा आहे. तो कोणालाही शिकवू नका. दुपारी जाग आली आणि अंग हललं नाही तर तसंच पडून राहा. काहीही हलवू नका. ज्या गावात अंगठे बांधतात तिथे बांधू द्या. कारण मी लिहून देऊ शकत नाही. जबाबदारी माझी. — सुलक्षणा हि. महाजन, निंबपाणी उपकेंद्र.

झालं. आता पान फाडायचं.

डावा हात वहीवर आहे. उचलत नाही. पाय नाहीत. मान वळत नाही. उजवा तेवढा चालतोय, लिहितोय म्हणून. आत्ता क्षणभर थांबले तर बोटं पेनवर आवळली, पुन्हा लिहायला लागले तेव्हा सुटली. थांबायचं नाही. पण थांबल्याशिवाय फाडू कशी

आणि हलतोय म्हणूनच त्याला कळतंय मी कुठे

दिवालीबाई आल्या. दार आतून लावलंय. मॅडम, म्हणाल्या. पुन्हा मॅडम. आवाज निघत नाही. खिडकीशी आल्या, पाठीमागे. त्यांना माझी पाठ दिसत असेल, टेबलावर वाकलेली. कुणाला तरी सांगताहेत, हळू — "चार दिनमा आते डोया लागना. निजू द्या पोरले." कागद नंतर नेऊ म्हणाल्या

नंतर नाही दिवालीबाई आज आजच दाखवतील ते

नाल्याकडून जीपचा हॉर्न. चपलांचा आवाज. लांब जातोय

लिहीत राहायचं. संध्याकाळी येतील. संध्याकाळपर्यंत लिहीत राहायचं. ममता. सात बाया. तालुक्यात किती गावं आहेत मला माहीत होतं आत्ता आठवत नाही. लिहायचं

श्वास. माझ्या मागून अर्धा क्षण

हात धरला. पेनसकट. जोर नाही. करंगळी वाकवून बघितली. सोडली. आता तिच्या शेजारचं. सोडलं. मधलं —