टिल्डाचा एकच अर्ज

प्रिय टिल्डा,

सकाळपासून बर्फ पडतंय. तुझी आई दवाखान्यात ड्यूटीवर गेली आहे आणि मी दुकान उघडायचं सोडून स्वयंपाकघरात कागद पुढे घेऊन बसलोय. खिळे-स्क्रू विकणाऱ्या माणसाला लिहायची सवय नसते, तेव्हा अक्षर सांभाळून घे. समोरासमोर बोलायला गेलो तर माझी जीभ जड होते, आणि तू तर माझ्याहूनही गप्प. आपण दोघं गाडीत तासन्‌तास न बोलता बसू शकतो आणि त्यात दोघांनाही काही वावगं वाटत नाही, याचं तुझ्या आईला, माझ्या नोरीनला, अजून नवल वाटतं.

ऑक्टोबरात कॉलेजं बघायला निघालो तेव्हाही तसंच झालं. नोरीनला रजा मिळेना, म्हणून गाडी मी काढली. आधी गेलो ते पार पूर्वेकडे, तुझ्या बाबांच्या विद्यापीठात. फिलिप फाटकापाशी वाट बघत उभा होता, गळ्यात विद्यापीठाचा जुना मफलर. तो ज्या खोलीत राहायचा तिची खिडकी त्याने दाखवली, ज्या हिरवळीवर पहिल्यांदा गिटार वाजवली ती दाखवली, आणि तिथला एक म्हातारा प्राध्यापक त्याला नावानिशी ओळखतो हे कळल्यावर तर त्याचा चेहरा असा उजळला! चार वर्षांपूर्वी मी तुमच्या घरात आलो, तेव्हापासून त्याला मी फक्त दारातच पाहिलेला, तुला न्यायला किंवा सोडायला आलेला. त्या दिवशी तो मला विशीतला वाटला. खरं सांगतो, आवडला. तुलाही ते दिसलं होतं. तू दिवसभर हसतमुख होतीस, आणि ते त्याच्यासाठी होतं, हे माझ्या लक्षात आलं.

जागा वाईट नव्हतीच. आपल्याकडे तोंड करून उलटी चालत चालत पाहुण्यांना इमारती दाखवणारी ती विद्यार्थिनी चुणचुणीत होती. तिला तू तुझा तो प्रश्न विचारलास, जो तू सगळीकडे विचारायचीस : “इथे आल्यापासून तुझं मत कशाबद्दल बदललं?” ती म्हणाली, “वा, काय छान प्रश्न आहे!” आणि आपल्याला ग्रंथालयाकडे घेऊन गेली. फिलिपही म्हणाला, छान प्रश्न आहे. तू तिथे पुन्हा विचारलं नाहीस.

परतीच्या वाटेवर विस्कॉन्सिनमधलं ते नदीकाठचं छोटं कॉलेज. तिथे आपल्याला फिरवायला आलेला मुलगा थंडीने कान लाल झालेला, सरळच चालणारा. तुझा प्रश्न ऐकून तो “थांब हं” म्हणाला आणि गप्पच झाला. प्रार्थनाघर मागे पडलं, तळं आलं. मला वाटलं, विसरला. मग म्हणाला, “हरणाच्या शिकारीबद्दल. पण पुरतं नाही बदललेलं अजून. अर्धंच.” तू मान डोलावलीस. तेव्हा तुझा चेहरा मी पाहिला होता.

मग तो तास. एका टेबलाभोवती दहा-बारा मुलं, मागच्या खुर्च्यांवर आपल्यासारखे पाहुणे. बाईंनी दगडफूल चढलेला एक दगड हातोहात फिरवला आणि विचारलं, याचं वय कसं काढाल? आणि त्या थांबल्या. टिल्डा, बालवाडीपासून तुझी प्रत्येक शिक्षिका लिहीत आली आहे की मुलगी हुशार आहे पण बोलत नाही. तुला बोलायला लागेल इतका वेळ कधी कोणी थांबलंच नव्हतं. तिथे कोणी खोकलंसुद्धा नाही. आणि पाहुणी असून तू बोललीस, की दगडफूल म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार, मग आपण नक्की कोणाचं वय विचारतोय? बाई म्हणाल्या, “मला माहीत नाही,” आणि चक्क खूश झाल्या. माझ्या शेजारच्या गृहस्थाने विचारलं, “तुमची मुलगी?” मी नुसतीच मान हलवली, तिचा अर्थ हो किंवा नाही, कसाही लावता आला असता.

बरंच अंतर कापल्यावर तू गाडीत एवढंच म्हणालीस, “एमेट, तिथे मला कोणी घाई केली नाही.”

शाळेतल्या सल्लागार ओबर्गबाईंनी तुला समोर बसवून समजावलं. नोव्हेंबरच्या लवकरच्या फेरीत एकाच ठिकाणी अर्ज करता येतो, त्यांनी घेतलं तर तिथेच जावं लागतं. बाबांच्या ओळखीचं मोठं विद्यापीठ सोडून ही संधी त्या आडगावात वाया कशाला घालवायची? त्या तुझ्या भल्याचंच बोलत होत्या. तू ऐकून घेतलंस, आभार मानलेस, आणि रविवारी दुपारी बाबांना फोन लावलास. मी भांडी टाकून बाहेर जायला लागलो तर तू खुणेने थांबवलंस आणि फोन स्पीकरवर टाकलास. फिलिप पुष्कळ बोलला. एका सहामाहीत रुळशील, म्हणाला. तू त्याला मध्येच तोडलं नाहीस. मग म्हणालीस, “बाबा, तू तिथे कसा खुलतोस ते मी पाहिलं. मला ते फार आवडलं. पण मी तिथे चार वर्षं नुसती चांगली वागेन. तू जिथे खुललास तिथे मला जायचं नाहीये, तू खुललास तसं मला खुलायचंय.”

 मग फिलिपने विचारलं, “त्यांच्या मफलरचा रंग तरी कुठला?” तू रडत रडत हसलीस.

मी नुसता भांडी विसळत राहिलो. तेव्हा शाबासकी दिली असती तर फिलिप हरला म्हणून मला आनंद झालाय असं वाटलं असतं, तुला नाही तरी मला. त्यामुळे माझं याबाबत काही मतच नाही अशी तुझी समजूत झाली असेल.

तर मत आहे, आणि ते आजच लिहायला हवं, कारण उद्या संध्याकाळी त्या नदीकाठच्या कॉलेजचा निकाल आहे. उद्यानंतर मी काहीही म्हणालो तरी ते एक तर अभिनंदन होईल नाही तर समजूत घालणं. त्यांनी घेतलं तर सगळे म्हणतील, बरोबर निवडलंस. नाही घेतलं तर ओबर्गबाई हळहळतील. मी जे पाहिलं त्याचा या दोन्हींशी संबंध नाही. आपण कुठे शोभून दिसू हे न बघता आपण कुठे आपल्यासारखे राहू हे तू शोधलंस, आणि ज्याच्यावर जीव आहे त्याला कमी न लेखता खरं सांगितलंस. मला सतराव्या वर्षी हे जमलं नसतं. आजही जमेल की नाही सांगता येत नाही. मला तुझा अभिमान वाटतो. तो बाळगायचा हक्क मला आहे की नाही, हे मी कोणाला विचारलेलं नाही. हा कागद तुझ्या उशीवर ठेवतोय. वाचून झाल्यावर काही बोलायची गरज नाही. जेवायला वाटाण्याचं सूप आहे.

तुझाच,
एमेट